रिकामी भांडी आणि आठवड्याचा बाजार

शास्त्रपाठ : २ राजे, अध्याय ४, वचने १ ते ७



ज्या पाठाकडे आज आम्ही तुमचे लक्ष वेधीत आहो, तो एका कर्जबाजारी घराचा वृत्तांत आहे. संदेष्ट्यांच्या शिष्यवर्गातील एक मनुष्य मरण पावला. तो देवाचे भय बाळगणारा होता, तरी त्याच्या मागे घरात ऋण राहिले. सावकार दारात येऊन उभा राहिला, आणि देणे फिटत नाही म्हणून दोन्ही मुलांस दास करून नेण्याची भाषा बोलू लागला. तेव्हा त्या विधवेने अलीशा संदेष्ट्याकडे गाऱ्हाणे नेले. अलीशाने तिच्या हातावर पैसे ठेविले नाहीत, की सावकारास शापही दिला नाही. तिच्या घरात काय शिल्लक आहे, एवढेच त्याने विचारिले. नंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, आणि ती मोजकी आणू नको, अशी त्याने तिला आज्ञा केली. तिने दार लावून घेतले, मुले भांडी पुढे करीत गेली, आणि ती ओतीत गेली. शेवटचे भांडे भरले तेव्हा तेल थांबले. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, देवाकडील पुरवठा आटला म्हणून तेल थांबले नाही. घेणाऱ्याकडील भांडी संपली म्हणून थांबले.

ह्या पाठाच्या आधारे आम्ही एक लहान व घरगुती गोष्ट तुमच्यापुढे मांडू इच्छितो. ती ही की, बाजारास जाताना आपली पिशवी, आपला डबा, आपला पेला व पाण्याची बाटली घरूनच बरोबर न्यावी. आपली पिशवी नेल्याने घरातले तेल आपोआप वाढेल असे आम्ही म्हणत नाही. चमत्कार करणे देवाकडे आहे. परंतु भांडी गोळा करणे त्या विधवेकडे होते, आणि ते आपल्याकडेही आहे.

कोणी म्हणेल की, आत्म्याच्या हिताचे बोलावे तेथे पिशवीची गोष्ट कशाला? त्याने योहानकृत शुभवर्तमानाचा सहावा अध्याय उघडून पाहावा. पाच हजार माणसे तृप्त झाल्यावर प्रभूने शिष्यांस उरलेले तुकडे वेचावयास लाविले, कारण काहीही फुकट जाऊ नये अशी त्याची इच्छा होती. ज्याच्या शब्दासरशी भाकरी वाढल्या, त्यास तुकड्यांची काय वाण? तरी त्याने ते वेचविले, आणि बारा टोपल्या भरल्या. मूळ ग्रीक भाषेत येथे टोपलीस जो शब्द आहे, तो हातात धरून प्रवासास नेण्याच्या टोपलीचा आहे. चार हजारांस जेवू घातले तेथे मोठ्या टोपलीचा निराळा शब्द आहे, आणि पौलास दिमिष्काच्या तटावरून खाली सोडिले तीही तसलीच मोठी टोपली होती. बारा शिष्य आणि बारा हातटोपल्या, हा मेळ पाहून आम्हांस असे वाटते की, त्या माळरानावर प्रत्येकाची टोपली त्याच्या बरोबर होती. नसती तर तुकडे कशात वेचिले असते?

दुसरा कोणी शास्त्राचाच आधार देऊन म्हणेल की, प्रभूने शिष्यांस झोळी घेऊ नका असे सांगितले होते. होय, एका प्रवासापुरते सांगितले होते. पण लूककृत शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात, वधस्तंभाच्या आदल्या रात्री, ज्याच्याजवळ झोळी असेल त्याने ती आता बरोबर घ्यावी असेही त्यानेच सांगितले. तेव्हा झोळीत पुण्य नाही व पापही नाही. प्रसंग ओळखून वागण्यात शहाणपण आहे.

पहिली गोष्ट : घरात काय आहे ते पाहावे

त्या विधवेने आधी घरात काहीच नाही असे म्हटले, आणि मग तिला कुपीतले तेल आठवले. आपलीही रीत अशीच आहे. आपण दुकानापुढे उभे राहून पिशवी मागतो, आणि घरी पेटीत जुनी लुगडी, विरलेली धोतरे आणि मुलांस आखूड झालेले कपडे पडून असतात. एका लुगड्याचा जो भाग धड असेल त्यातून चार पिशव्या सहज निघतात. आपले आजे-पणजे बाजारास निघाले म्हणजे पडशी खांद्यावर असे, आणि बायकांच्या डोक्यावर पाटी असे. दुधास चरवी, तेलास बुधली, ताकास तांब्या हे सर्व घरून जाई. आजही रास्त भाव दुकानात धान्य आणावयास जाणारा मनुष्य आपली पिशवी किंवा पोते घेऊनच रांगेत उभा राहतो. एका दुकानी जे आपल्याकडून सहज होते, ते दुसऱ्या दुकानी कठीण का वाटावे?

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. खताची किंवा फवारणीच्या औषधाची गोणी कितीही धुतली तरी ती धान्यास वापरू नये. दुसरे असे की, जुने कापड असता नवी पिशवी विकत घेऊ नये. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे दिसून आले की, नव्या सुती कापडाची पिशवी निदान १३१ वेळा वापरावी, तेव्हा हवा तापविणाऱ्या वायूंच्या हिशेबात ती एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीस येते. आठवड्यास एक बाजार धरिला तर ही अडीच वर्षे झाली. म्हणून हौसेने दहा पिशव्या घेऊन खुंटीस टांगणे ही काटकसर नव्हे. दोन पिशव्या असाव्या, आणि त्या झिजेपर्यंत वापराव्या.

आता हिशेब पाहू. समजा की एका घराने दर बाजारी पाच-पाच रुपयांच्या दोन पिशव्या घेतल्या. वर्षाचे बाजार ५२, तेव्हा ५२० रुपये झाले. समजा की घरचा कर्ता आठवड्यातून दोनदा तालुक्यास जातो आणि दर खेपेस वीस रुपयांची पाण्याची बाटली घेतो. त्याचे वर्षास २,०८० रुपये झाले. दोन्ही मिळून २,६०० रुपये. ही रक्कम लहान म्हणावी काय? सावकाराचा दर शेकडा दरमहा तीन रुपये धरिला, तर ७,२०० रुपये कर्जाचे वर्षाचे व्याज २,५९२ रुपये होते. म्हणजे दोन पिशव्या आणि एक बाटली घरून नेण्याचा कंटाळा केला, तर तेवढ्या कर्जाचे वर्षभराचे व्याज रस्त्यावर टाकिल्यासारखे आहे. त्या विधवेची मुले कर्जापायी जात होती. आपल्याही गावांत कर्जापायी मुलांची शाळा सुटते, आणि घरचा बैल दुसऱ्याच्या दावणीस जातो. कर्ज मोठ्या कारणाने होते हे खरे. परंतु ते फेडावयास जो पैसा लागतो, तो पुष्कळदा लहान छिद्रांतून गळून गेलेला असतो.

दुसरी गोष्ट : फुकट मिळते त्याचीही किंमत असते

कित्येक म्हणतात, आमचा दुकानदार पिशवीचे पैसे घेत नाही. बंधूंनो, दुकानदारास ती पिशवी कोणी दान दिलेली नसते. तिचा दाम डाळीच्या भावात किंवा साखरेच्या भावात कोठे तरी मिळविलेला असतो. दाम उघड दिसला म्हणजे माणूस कसा जागा होतो, ह्याचे एक उदाहरण आयर्लंड देशाचे आहे. तेथे मार्च २००२ मध्ये प्रत्येक प्लास्टिक पिशवीवर १५ सेंट कर बसविण्यात आला. त्यापूर्वी माणशी वर्षास सुमारे ३२८ पिशव्या वापरल्या जात. पुढे त्या सुमारे २१ वर आल्या. लोक तेच होते आणि बाजारही तोच होता. फुकट म्हणून जे घेत होते, त्याचा दाम त्यांच्या डोळ्यांपुढे आला एवढेच झाले.

आणखी एक किंमत आहे, ती दुकानात दिसत नाही. शिळे अन्न व भाजीची साले पिशवीत बांधून उकिरड्यावर टाकितात, आणि गाय ती पिशवीसकट गिळते. ते प्लास्टिक तिच्या पोटात पचत नाही, साठत जाते. चारा खाणे मंदावते, दूध आटते, आणि कित्येक जनावरे दगावतात. ज्या घरी एकच गाय आहे, त्या घरास ह्या फुकट पिशवीचा दाम किती पडतो? शहरांतही तसेच झाले आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्या जलप्रलयात पुष्कळ माणसे प्राणास मुकली. पाऊस असामान्य होता. तरी नाल्यांत पिशव्या अडकून पाण्याची वाट बंद झाली होती, हेही एक कारण त्या वेळी पुढे आले. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्या वापरण्यास मनाई केली आहे, आणि पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये दंड सांगितला आहे. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे इत्यादी एकदा वापरून टाकण्याच्या वस्तूंस सर्व देशात बंदी झाली आहे. ख्रिस्ती मनुष्याने कायदा दंडाच्या भयाने पाळावा असे नव्हे, तर सद्विवेकबुद्धीसाठी पाळावा, असे पौलाने रोमकरांस शिकविले आहे.

जाता जाता एक नवलाची गोष्ट सांगतो. हातात धरण्याची ही प्लास्टिक पिशवी स्वीडन देशातील स्टेन गुस्ताफ थुलिन नावाच्या अभियंत्याने रचिली, आणि १९६५ साली तिचे पेटंट झाले. कागदी पिशव्यांसाठी झाडे तोडावी लागतात, ती वाचावी असा त्याचा हेतू होता. तो स्वतः एक पिशवी घडी करून खिशात बाळगीत असे आणि पुन्हा पुन्हा वापरीत असे, असे त्याच्या मुलाने पुढे सांगितले आहे. वस्तू करणाऱ्याने ती टाकण्यासाठी केली नव्हती. टाकण्याची सवय आपली आहे.

तिसरी गोष्ट : तराजूपुढे रिकामे भांडे

अलीशाने भांडी रिकामी आणावयास सांगितली. रिकामे भांडे प्रामाणिक असते. त्यात काय घातले ते दिसते. आपला डबा घेऊन गेल्याचा हा एक मोठा लाभ आहे की, दुकानदारास आधी त्या डब्याचा धडा करावा लागतो. रिकामा डबा तराजूत घालून त्याचे वजन बाजूस काढिले, मग माल घातला, म्हणजे पैसे मालाचेच पडतात. मिठाईचे दुकान पाहा. पुठ्ठ्याचा खोका मिठाईसह तोलतात. खोका ८० ग्रॅमचा आणि मिठाई किलोस ५०० रुपये असेल, तर ४० रुपये पुठ्ठ्याचे झाले. पुठ्ठा मिठाईच्या भावाने विकत घेतला. नाताळास किंवा लग्नकार्यास दहा किलो मिठाई किलोकिलोच्या खोक्यांतून घेणाऱ्या घराने तर ४०० रुपयांचा पुठ्ठा घेतला. कायद्याने मालाचे निव्वळ वजन मिळण्याचा ग्राहकास हक्क आहे, आणि ह्याची देखरेख करावयास वैधमापन खाते आहे.

आमच्या देवास तराजूची फार काळजी आहे. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात खरी तागडी, खरी वजने व खरी मापे ठेवण्याची आज्ञा आहे, आणि खोटा काटा परमेश्वरास किळसवाणा वाटतो असा बोध नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायात आहे. म्हणून धडा करून मागण्यास लाजू नये. मात्र मागताना जीभ गोड असावी. दुकानदारास चोर म्हणून हिणवू नये. "भाऊ, डब्याचा धडा करा आणि मग घाला," एवढे म्हणावे. आणि आपल्यापैकी ज्यांचे स्वतःचे दुकान आहे, त्यांनी तर गिऱ्हाईकाने मागण्यापूर्वीच धडा करावा. असा दुकानदार गावात मोठी साक्ष देतो.

रविवारी मटण किंवा कोंबडी आणावयाची असेल तर झाकणाचा स्टीलचा डबा न्यावा. वडे, भजी, शेव घेतानाही डबाच न्यावा. छापील वर्तमानपत्रात गरम खाद्य बांधू नये, कारण शाईतील अपायकारक द्रव्ये अन्नात उतरतात, अशी सूचना भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ साली दिली, आणि २०२३ साली पुन्हा दिली. अर्थात सर्वच माल सुटा घ्यावा असा आमचा आग्रह नाही. खाद्यतेलात भेसळ होऊ नये म्हणून ते बंद डब्यातून किंवा पुड्यातूनच विकण्याचा नियम आहे. तेथे बुधली नेण्याचा हट्ट करू नये.

चौथी गोष्ट : पेल्याची लाज

आता आम्ही अशा विषयाकडे येतो की जेथे पाऊल जपून टाकावे लागते. चहाच्या दुकानी आपला पेला घेऊन जा असे आम्ही सांगू लागलो, तर आमच्या मंडळ्यांतील वडीलधाऱ्यांच्या काळजास ते लागेल, हे आम्ही जाणतो. कारण एक काळ असा होता की, चहाच्या दुकानाबाहेर वळचणीस एक निराळा कप ठेविलेला असे. अस्पृश्य म्हटलेल्या माणसाने तो उचलावा, त्यात वरून ओतलेला चहा घ्यावा, स्वतः धुवावा आणि पुन्हा तेथेच ठेवावा, अशी रीत होती. पाण्याचीही तीच गत होती. पाणवठ्यावर हात लावण्याचा हक्क मिळविण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. ज्यांनी तो निराळा कप हातात धरिला आहे, त्यांस "आपला पेला आपण न्या" हे शब्द सहज गोड कसे वाटतील?

म्हणून येथे दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या पाहिजेत. जो पेला दुसऱ्याने आपला हीनपणा दाखविण्यासाठी आपल्या हाती दिला, तो गुलामीचा पेला होय. जो पेला आपण आपल्या समजुतीने, आपल्या कुटुंबाचा पैसा व प्रकृती राखण्यासाठी नेतो, तो स्वतंत्र माणसाचा पेला होय. आजही कोणी दुकानदार जातीमुळे निराळा कप पुढे करील किंवा तुमचा कप तुम्ही आणा म्हणेल, तर तेथे काटकसरीचे नाव घेऊन मुकाट्याने मान्य करू नये. भारताच्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे, आणि १९५५ च्या कायद्याप्रमाणे असे वागणे हा गुन्हा आहे. तेथे उठून जावे, आणि तक्रार करावी.

आपला प्रभु ह्या प्रसंगातून गेला आहे. सुखार गावाजवळ याकोबाच्या विहिरीवर तो थकून बसला तेव्हा त्याच्याजवळ पोहरा नव्हता. शोमरोनी स्त्री घागर घेऊन आली. यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत, असे योहान तेथेच नमूद करितो. आणि ज्या शब्दाचा आपण व्यवहार असा अर्थ करितो, त्याचा अर्थ एका भांड्यातून खाणेपिणे असाही कित्येक विद्वान लावितात. अशा स्त्रीजवळ प्रभूने तिच्याच भांड्यातले पाणी मागितले. राजाधिराजाने हात पसरला, आणि शेकडो वर्षांची भिंत तेथे फुटली. ह्यावरून आपणांस नियम मिळतो तो असा की, आपला पेला आपल्या काटकसरीसाठी असावा. दुसऱ्याचा विटाळ टाळण्यासाठी तो कधीही नसावा. कोणी प्रेमाने आपल्या घरच्या पेल्यात पाणी दिले, तर ते त्याच पेल्यात प्यावे. तेथे पिशवीतून आपला पेला काढणे म्हणजे त्याचा अपमान करणे होय.

आपखुशीने बाळगलेले भांडे माणसास लहान करीत नाही, ह्याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. गाडगेबाबा (१८७६–१९५६) मातीचे एक गाडगे जवळ बाळगीत, त्यातच जेवीत, आणि हाती खराटा घेऊन गावोगाव झाडीत. त्यांचे नाव त्या गाडग्यावरूनच पडले. मोठमोठे लोक त्यांच्या पायाशी बसले. ते गाडगे कोणास हीन वाटले नाही.

पेल्याचा लाभ केवळ पैशाचा नाही. कागदी कपास आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो, म्हणूनच त्यातून चहा झिरपत नाही. खरगपूरच्या आयआयटी संस्थेतील संशोधकांनी २०२० साली असे दाखविले की, अशा कपात १०० मिलिलिटर गरम पेय पंधरा मिनिटे राहिले तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. शेतावरील मजुरांसाठी पातळ पिशवीत गरम चहा बांधून नेण्याची चाल पडली आहे, तीही सोडावी. घरची किटली न्यावी.

पाचवी गोष्ट : वाचले त्याचे काय करावे

तेल भरल्यावर ती विधवा पुन्हा संदेष्ट्याकडे गेली. आता काय करावे हे तिने आपल्या मनाने ठरविले नाही. अलीशाने तिला क्रम सांगितला : तेल विकावे, देणे फेडावे, आणि उरेल त्यावर मुलांसह निर्वाह करावा. आपणही हाच क्रम धरावा. पिशवीचे पाच आणि बाटलीचे वीस रुपये वाचले, आणि ते तंबाखूत किंवा लॉटरीच्या तिकिटात गेले, तर भांडे भरले आणि त्याच्या बुडास भोक पडले असे झाले. म्हणून घरात एक डबा ठेवावा. बाजाराहून आल्यावर जे त्या दिवशी वाचले ते मोजून त्यात टाकावे. महिन्याच्या शेवटी डबा उघडून पहिल्याने देणे द्यावे, मग मुलांच्या वह्यापुस्तकांचे पाहावे, आणि देवाचा वाटा विसरू नये.

लहान बचतीतून मंडळीचे काम कसे उभे राहते, हे मिझोराम येथील प्रेस्बिटेरियन मंडळीकडून शिकावे. तेथे १९१० पासून अशी चाल आहे की, घरची बाई भात शिजविण्यापूर्वी मूठभर तांदूळ बाजूस काढून ठेविते. त्यांच्या भाषेत ह्यास बुहफाई थाम म्हणतात. मंडळीतील स्त्रिया तो तांदूळ घरोघरून गोळा करितात, तो विकतात, आणि त्या पैशातून सुवार्तेचे काम चालते. मुठीने कोणाचे ताट उणे झाले नाही. आपल्याकडेही पिशवीचे पाच रुपये बाजूस पडल्याने कोणाचा बाजार उणा होणार नाही.

उपदेशकांस व शिक्षकांस दोन शब्द

बंधूंनो, ही गोष्ट केवळ मुखाने शिकवू नका. तुम्ही स्वतः बाजारातून प्लास्टिकची पिशवी लोंबवीत आला, तर तुमचे व्याख्यान लोक त्या पिशवीतच घालून ठेवितील. प्रथम आपल्या घरापासून आरंभ करावा. मग बायकांच्या सभेस एक दिवस जुने कापड, सुई व दोरा घेऊन बसावे, आणि प्रार्थना झाल्यावर प्रत्येकीने दोन पिशव्या शिवाव्या : एक आपल्यास, आणि एक शेजारणीस, मग ती ख्रिस्ती असो वा नसो. विधवेस शेजाऱ्यांनी भांडी दिली म्हणून तिचे घर वाचले, हे त्यांस तेव्हा सांगावे.

दुसरे, मंडळीने वर्गणी करून स्टीलची ताटे व पेले घेऊन ठेवावे. नाताळ, पीकदान सण, लग्न व बारसे ह्या प्रसंगी ज्यास लागतील त्याने न्यावे, घासून मोजून परत आणावे, आणि हरवेल ते भरून द्यावे. ह्याची वही एखाद्या चोख माणसाकडे सोपवावी. दर सणास कागदी ताटल्या व पेले आणून दुसऱ्या दिवशी मंदिरापुढे ढीग जाळण्यात जो पैसा जातो, तो वाचून थोड्या वर्षांत भांड्यांचा खर्च निघेल. आणि एकाच जातीच्या नव्हे, तर सर्व घरांच्या हातून फिरलेल्या ताटात सर्वांनी जेवणे, हा उपदेश कोणत्याही व्याख्यानाहून मोठा आहे.

तिसरे, ह्या गोष्टीचे नियमशास्त्र करू नका. एखादी मजूर बाई कामावरून परस्पर बाजारात गेली आणि तिच्याजवळ पिशवी नसली, तर तिला चारचौघांत बोल लावू नका; आपल्या जवळची एक तिला द्या. पिशवीने कोणी तारण पावत नाही, आणि पिशवी विसरल्याने कोणी नाश पावत नाही. तारण प्रभु येशू ख्रिस्ताच्या कृपेने आहे. परंतु ज्यास कृपा मिळाली, तो देवाने दिलेल्या पैशाचा, पाण्याचा व जमिनीचा कारभारी झाला; आणि कारभाऱ्याकडून एवढेच मागितले जाते की तो विश्वासू असावा.

तर प्रिय जनहो, येत्या बाजारास निघताना उंबऱ्यावर क्षणभर थांबून हात पाहावा. हाती पिशवी आहे काय? डबा आहे काय? पाण्याची बाटली भरली आहे काय? आणि घरात कर्जाची चिंता असेल, तर त्या विधवेप्रमाणे ती आधी देवापुढे मांडून मग निघावे.

हे आमच्या स्वर्गीय पित्या, तू आम्हांस जे थोडे दिले आहे ते आम्ही उधळू नये म्हणून आम्हांस शहाणपण दे. जी घरे कर्जाने वाकली आहेत त्यांवर दया कर, आणि त्यांच्या मुलाबाळांस राख. आमचे माप खरे असो, आमचे ताट सर्वांसाठी खुले असो, आणि आमची भांडी तुझ्यापुढे रिकामी व स्वच्छ असोत, म्हणजे तू ती भरशील. येशूच्या नावाने मागतो. आमेन.